अध्यक्षांची साइडकार

साइडकारवाल्यांचं संमेलन आठ दिवसांवर आलं असताना सदाशिवराव अंगणातल्या कडुनिंबाला बॅनर बांधायला स्टुलावर चढले आणि उजवं मनगट मोडून खाली आले. ते बॅनर खरं तर आंजी गावात, जिथं संमेलन भरायचं होतं त्या बबनरावांच्या शेतात लागायचं होतं. पण तिथं ते कसं दिसेल हे सदाशिवरावांना आधी वर्ध्यात, स्वतःच्या अंगणात पाहायचं होतं. शोभाबाई म्हणाल्या होत्या, थांबा, मी स्टूल धरतो. तर "तू तुयं काम कर," असं उत्तर मिळालं होतं. मग शोभाबाईंनी आपलं काम केलं, म्हणजे ऑटो बोलावला आणि नवऱ्याला दवाखान्यात नेलं. प्लास्टर सुकेपर्यंत सदाशिवरावांनी डॉक्टरांना संमेलनाचं आमंत्रण देऊन टाकलं. डॉक्टरांकडे साइडकार नव्हती, स्कूटरही नव्हती. तरी सदाशिवराव या म्हणाले.

सदाशिवराव बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा साइडकारवाल्यांचा परिवार काढला होता आणि अध्यक्षही तेच होते. मोबाइलवरच्या ग्रुपात शंभरावर माणसं, प्रत्यक्षात चालणाऱ्या गाड्या सात-आठ. कोणाची स्कूटर, कोणाची बुलेट, आणि डाव्या बाजूला जोडलेला तो एकचाकी डबा. एके काळी वर्ध्यात नवराबायको, दोन पोरं आणि गव्हाचं पोतं असा अख्खा संसार अशा गाडीवरून जायचा. आता ती दिसली की लोक फोटो काढतात. सदाशिवरावांची निळी स्कूटर आणि तिची साइडकार लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घरात आली. तेव्हापासून हँडल सदाशिवरावांच्या हातात आणि शोभाबाई डब्यात. प्रफुल झाला तेव्हा त्या दवाखान्यातून त्याच डब्यात बसून घरी आल्या, मांडीवर बाळ आणि पायांत गॅसचं सिलिंडर, कारण वाटेत सिलिंडर मिळत होतं.

आता अध्यक्षांचा हात गळ्यात. गाडी कोण चालवणार?

"ऋतिक चालवन," सदाशिवराव म्हणाले. ऋतिक त्यांचा पुतण्या, विम्याच्या कंपनीत कामाला, चांगला तिशीचा माणूस. मोटारसायकल अशी चालवायचा की तो रस्त्यात दिसला तर शोभाबाई डोळे मिटून घ्यायच्या. तो आला, हेल्मेट घातलं, किक मारली आणि अॅक्सिलरेटर पिळला. साइडकारची गाडी वेग घेताना डावीकडे ओढते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सदाशिवराव सांगतच होते, पण ते एकाच वेळी इतकं काही सांगत होते की त्यात हे हरवून गेलं. गाडी सरळ शेजाऱ्यांच्या नालीत गेली. ऋतिक बाहेर आला, पँट झटकली आणि म्हणाला, "काका, हे जनावर हाय. मी नाई बाप्पा."

त्या दिवशी सदाशिवराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले आणि ते न बोलण्यापेक्षा वाईट होतं. परिवाराचं काय होईल, रूपराव काय म्हणतील. रूपराव म्हणजे पुलगावचे बुलेटवाले, परिवाराचे उपाध्यक्ष. स्कूटरला जोडलेल्या साइडकारला ते साइडकार मानतच नसत. "अध्यक्षच ऑटोतून आला तर तो रूपराव मले जगू देईन का?"

शोभाबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी चालवतो."

"तू?"

"काऊन? चाळीस गावं फिरली मी नर्सच्या नोकरीत, लसी घेऊन. आधी लुनावर, मंग अॅक्टिव्हावर."

"लुना येगळी, साइडकार येगळी. तुले काय माहीत साइडकारचं?"

शोभाबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. नवऱ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या डब्यात कोण बसलं, हे सांगायला गेलं तर मेथी तशीच राहिली असती, म्हणून जुडी परत उचलली.

मग रोज संध्याकाळी मैदानावर शिकवणी सुरू झाली. सदाशिवराव साइडकारमध्ये बसत आणि तिथून सांगत. क्लच सोड. क्लच सोडू नको. वजन टाक. इकडे नाई, तिकडे. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाईन, ध्यानात ठेव. डाव्या वळणावर डबा उचलते, ध्यानात ठेव. रिकामा असला तं जास्तच उचलते. शोभाबाईंच्या ध्यानात सगळं होतं. डावीकडे वळताना डबा हलका होतो, हे त्यांच्या पोटाला वर्षानुवर्षं माहीत होतं. हाताला तेवढं शिकवायचं होतं. गिअर अडकायचा, गाडी गचके खात बंद पडायची. प्रत्येक वेळी सदाशिवराव दुखऱ्या हाताने कपाळ बडवायला जायचे आणि प्लास्टर कपाळावर आपटायचं. तरी चौथ्या दिवशी गाडी मैदानाला फेरा मारून आली, आणि संमेलनाच्या सकाळी शोभाबाईंनी साडीवर जुनं स्वेटर चढवलं, हेल्मेट घातलं आणि आर्वी रोड धरला.

साइडकारमध्ये बसून इतक्या लांबचा प्रवास सदाशिवराव पहिल्यांदाच करत होते. छातीवर अध्यक्षांचा बिल्ला, मांडीवर गुंडाळलेलं बॅनर, गुडघे हनुवटीजवळ. आर्वी नाक्यापर्यंत ते सूचना देत होते. नाक्यानंतर एक कुत्रा त्यांच्या अगदी कानाजवळ येऊन भुंकला, तेव्हा त्यांनी सूचना सोडून बॅनर तोंडासमोर धरलं. मग ट्रक शेजारून गेला. ट्रकचं चाक त्यांच्या डोक्याएवढ्या उंचीवर फिरत होतं.

"हे इतकं खाली हाय?" ते ओरडले.

"प्रफुल पोटात होता तवाच सांगितलं होतं मी!" शोभाबाई ओरडल्या.

"काय?"

"काही नाई!"

आंजीला पोचेपर्यंत सदाशिवरावांच्या भुवया धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. बबनरावांनी तूर काढून मोकळं केलेलं वावर झाडून स्वच्छ ठेवलं होतं. बबनराव शेतकरी माणूस. त्यांची साइडकार खतांच्या पिशव्या वाहून वाहून इतकी खिळखिळी झाली होती की तिला तारेने बांधून ठेवलं होतं. त्यांची बायको मनकर्णाबाई पहाटेपासून तीन-चार बायकांना घेऊन गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजत होती. मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. वास असा सुटला होता की शोभाबाईंना वाटलं, दिवस कदाचित बरा जाईल.

एकेक गाडी येत गेली. अमरावतीच्या दोन, यवतमाळची एक, हिंगणघाटच्या दोन. शेवटी रूपरावांची बुलेट आली, धडधडत, मुद्दाम सगळ्या वावराला चक्कर मारून. रूपरावांनी गॉगल वर केला आणि शोभाबाईंकडे पाहिलं.

"वयनी, तुमी चालवत आनली? अन अध्यक्षसाहेब डब्यात?" ते इतके हसले की शेवटी बाकीचेही हसले. सदाशिवरावांना डब्यातून बाहेर पडता येत नव्हतं. एका हाताने उठता येईना आणि गुडघे आखडलेले. शोभाबाईंनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं.

मग अडचण निघाली नियमांची. नियम सदाशिवरावांनीच केले होते. चालकाला बिल्ला आणि बोलायला पाच मिनिटं. सोबतच्या वहिनींना हळदीकुंकू आणि नारळ. आता शोभाबाई चालक म्हणायच्या की वहिनी? रूपराव म्हणाले, गाडी ज्याच्या नावावर तो चालक. हिंगणघाटवाले म्हणाले, हँडल ज्याच्या हातात तो चालक. यावर इतकी चर्चा झाली की सूर्य डोक्यावर आला. शोभाबाईंनी दोन्हीही नको म्हणून सांगितलं, तर बबनराव म्हणाले, "असं कसं वयनी, नियम म्हनजे नियम." शेवटी त्यांना नारळ मिळाला आणि सदाशिवरावांना बिल्ला. बिल्ला त्यांच्या छातीवर आधीच एक होता.

"जेवून घ्या बाप्पा आता," मनकर्णाबाई येऊन म्हणाली. "रोडगे गरम हायत."

"बस, एक स्पर्धा," सदाशिवराव म्हणाले. "पंधरा मिनटाचं काम."

ही स्पर्धा त्यांचा खास शोध होता. संथ गाडी स्पर्धा. शाळेत सायकलची असते तशीच, जो सर्वांत शेवटी पोचेल तो जिंकला, आणि जमिनीला पाय लागला की बाद. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. परिवाराच्या अध्यक्षांची गाडी भाग घेणार नाही असं कसं चालेल, म्हणून शोभाबाईंनाही रांगेत उभं राहावं लागलं. डब्यात सदाशिवराव, कारण नियमाप्रमाणे डबा रिकामा चालत नव्हता.

शिटी वाजली. सगळ्या गाड्या हातभर पुढे आल्या आणि थांबल्या.

सायकल थांबली तर पडते. तीन चाकांची गाडी पडत नाही. ती उभी राहते. दिवसभर उभी राहू शकते. हे घरी बसून नियम लिहिताना सदाशिवरावांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आता आठ गाड्या इंजिन सुरू ठेवून, धूर सोडत, वावरात जागच्या जागी उभ्या होत्या. कोणाचाच पाय जमिनीला लागत नव्हता. लागायचं कारणच नव्हतं.

"असं नाई चालत!" सदाशिवराव डब्यातून ओरडले. "चाक थांबलं तं बाद!"

"हे आधी सांगाचं होतं," पलीकडून रूपराव म्हणाले. "अन माहं चाक फिरून राह्यलं. बारीक फिरून राह्यलं."

"कुठी फिरून राह्यलं?"

"पाह्य ना येऊन!"

कोणीतरी खडू आणला. प्रत्येक गाडीच्या टायरवर खूण केली. मग पुढच्या चाकावर करायची की साइडकारच्या, यावर वाद झाला. परीक्षक होते डॉक्टर, ते खरोखरच आले होते. ते उन्हात वाकून प्रत्येक टायरजवळ जाऊन पाहत होते आणि उठताना कमरेला हात लावत होते. क्लच जळल्याचा वास आता वांग्याच्या भाजीवर चढला. शोभाबाईंच्या हेल्मेटातून घाम डोळ्यांत उतरत होता. डावा हात क्लच दाबून दाबून बधिर झाला होता.

मनकर्णाबाई बांधावर येऊन उभी राहिली. "अवो, रोडगे लाकडावानी होऊन राह्यले!"

"झालं, झालं!" सगळे एकदम म्हणाले आणि कोणीही हललं नाही.

"वजन मागं घे," सदाशिवराव खालून सांगत होते. "अर्धा क्लच. अर्धा म्हनलं मी. रूपरावकडे पाह्य, त्यो कसा एक एक बोट सरकून राह्यला. शोभे, तुले जिंकाचं हाय, समजलं ना? आज जिंकली नाई तं..."

तो शेवटचा शब्द शोभाबाईंनी ऐकलाच नाही. त्यांना एकदम दिसलं की सात म्हातारी माणसं, कोण जास्त वेळ काहीच न करता थांबतं हे पाहायला, भर उन्हात हँडल धरून उभी आहेत. आणि आपण त्यांतली आठवी होऊन बसलो आहोत, स्वेटर घालून. पलीकडे एक बाई पहाटेपासून धुरात बसली आहे आणि तिला कोणी खिजगणतीत धरत नाही. त्यांनी क्लच सोडला, गिअर टाकला आणि गाडी सरळ वावरातून नेली. चुन्याची रेघ ओलांडली, तशीच पुढे चुलीपर्यंत नेऊन उभी केली.

मागे आरडाओरडा झाला. अध्यक्षांची गाडी सर्वांत आधी पोचली, म्हणजे सर्वांत शेवटी आली.

शोभाबाईंनी हेल्मेट काढलं, हात धुतले आणि मनकर्णाबाईच्या शेजारी बसल्या. "वाढ बाई," म्हणाल्या. रोडगा फोडायला दोन्ही हात लागले. आत अजून गरम होता. तुपाचा चमचा पडला आणि त्यावर तिखट वांगं, आणि थोडा वेळ त्यांना कोणाचाच राग आला नाही. स्पर्धा त्यानंतरही चालू होती. शेवटी एकेका गाडीतलं पेट्रोल आटत आलं आणि डॉक्टरांनी सगळ्यांना विजयी घोषित करून टाकलं, फक्त अध्यक्ष सोडून.

सदाशिवराव डब्यातच बसून होते. त्यांना कोणी काढलं नव्हतं.

परत निघायच्या वेळी त्यांनी जाहीर केलं की ते बबनरावांच्या पिकअपमध्ये येतील. बबनरावांना तसंही वर्ध्याला काम होतं. "तुया संग मी येत नाई," ते बायकोला म्हणाले. "साऱ्या विदर्भासमोर माही इज्जत घालवली."

"नका येऊ," शोभाबाई म्हणाल्या. "पन रिकामा डबा घेऊन मी जात नाई. बबनभाऊ, एक तुरीचं पोतं टाका डब्यात. उद्या ऋतिक आनून देईन वापस."

बबनरावांनी पोतं आणलं. सदाशिवराव पाहत राहिले. जिथे ते सकाळी बसले होते तिथे पोतं बसलं आणि दोरीने बांधलं गेलं.

"माह्या जागी पोतं?"

"बोलत तं नाई," शोभाबाई म्हणाल्या आणि किक मारली.

रस्ता उतरत्या उन्हात मोकळा होता. पोतं गप्प बसलं होतं. गाडी आता इतकी मऊ चालत होती की शोभाबाईंना पहिल्यांदाच जाणवलं, आपल्याला हे येतंय. आणि तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. आरशात बबनरावांची पिकअप, खिडकीतून सदाशिवराव अर्धे बाहेर. प्लास्टर हलवत होते. शोभाबाईंनी ओळखलं. गाडी मध्ये का चालवते, गिअर का बदलत नाही, असलंच काहीतरी. त्यांनी गाडी थोडी बाजूला घेतली. हॉर्न परत. त्यांनी वेग कमी केला. हॉर्न, हॉर्न. मग त्यांनी वेग वाढवला. सकाळपासून साठलेला सगळा वैताग त्यांच्या मनगटात उतरला. आर्वी नाक्यापर्यंत तो हॉर्न त्यांच्या पाठीत टोचत राहिला आणि त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घराच्या गल्लीत डावीकडे वळायचं होतं. त्यांनी सवयीने वळवली. पण ज्या वजनाच्या भरवशावर वळवली ते वजन तिथे नव्हतं. डबा उचलला. साइडकारचं चाक हवेत गेलं आणि गाडी उजवीकडे कलली, समोर किराणा दुकानाची पायरी. शोभाबाईंनी हँडल सरळ केलं. कसं केलं, त्यांना नंतर सांगता आलं नाही. चाक धाडकन खाली आलं, गाडी पायरीपासून वीतभर अंतरावर बंद पडली.

दुकानदार बाहेर धावला. शोभाबाईंनी डब्यात पाहिलं. पोतं अर्ध्याहून जास्त रिकामं. कोपरा फाटला होता, आणि मागे वळणापर्यंत रस्त्यावर तुरीची एक बारीक रेघ गेली होती. दोन चिमण्या आल्याही होत्या.

पिकअप येऊन थांबली. सदाशिवराव दार उघडून धावत आले, एकच चप्पल पायात. शोभाबाईंनी दात आवळले. आता सुरू होणार. क्लच, वजन, डावं वळण, ध्यानात ठेव म्हटलं होतं ना. त्यांनी उत्तरंही तयार ठेवली.

सदाशिवराव जवळ आले आणि पायरीवर बसले. चेहऱ्याचा रंग उडाला होता. डाव्या हाताने त्यांनी बायकोच्या स्वेटरची बाही धरली. हे शोभाबाईंच्या हिशेबात नव्हतं. पडता पडता वाचलो आपण, आणि पाणी यांना द्यायचं! त्यांनी दुकानदाराकडून पाणी आणलं, ग्लास नवऱ्याच्या डाव्या हातात दिला.

"मले वाटलं, गेली तू," सदाशिवराव म्हणाले.

"नाई गेली. प्या."

ते प्यायले. रंग थोडा परतला आणि रंगाबरोबर नेहमीचा आवाजही. "हॉर्न देऊन राह्यलो होतो ना मी? आंजीपासून देऊन राह्यलो. पोतं फाटलं, पोतं फाटलं. थांबली काऊन नाई तू?"

"तुमचा हॉर्न बंद कवा असते?" शोभाबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यापासून वाजते. त्यातला खरा कोनता, मले कसं समजाचं?"

बबनराव हसायला लागले होते, ते मध्येच थांबले आणि तुरीकडे पाहू लागले. सदाशिवरावांनी ग्लास परत तोंडाला लावला. त्यात पाणी उरलं नव्हतं. तीसेक वर्षांच्या संसारात आपण एकदाचं बोललो, याचा शोभाबाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हात दुखत होता, पाठ दुखत होती, आणि घर अजून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"उठा," त्या म्हणाल्या. "बसा डब्यात."

"मी?"

"पोतं रिकामं झालं. मले डावीकडे वजन पायजे. अन घर येईपर्यंत तोंड उघडाचं नाई."

सदाशिवराव उठले. उरलंसुरलं पोतं बाजूला सारून, गुडघे मुडपून डब्यात बसले. शोभाबाईंनी किक मारली आणि गाडी गल्लीतून हळूहळू चालू लागली. ओट्यावरच्या बायका पाहत होत्या. सदाशिवराव काहीही बोलले नाहीत. पुढच्या खड्ड्यावर त्यांनी ओठ हलवले आणि परत मिटले. घराच्या फाटकाशी शोभाबाईंनी गाडी आत वळवली. सदाशिवरावांनी डाव्या खांबाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, परत खांबाकडे पाहिलं. मान आत घेतली. खर्रर्र करत साइडकारचा निळा पत्रा खांबाला घासत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

शोभाबाईंनी गाडी बंद केली.

"दिसून राह्यलं होतं ना तुमाले?"

"हो."

"मंग सांगाचं नाई?"

"तूच तं म्हनली..."

"ते म्हनलं म्हनून काय झालं! खांब दिसते तं सांगा लागते माणसानं!" शोभाबाई हेल्मेट काढत ओरडल्या, आणि मग वाकून, काखेत हात घालून, त्यांना डब्यातून ओढून काढायला लागल्या.